तुम्ही पक्ष्यांना काय घालता?

साताऱ्याच्या आमच्या घरी आलेली माणसं चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहतात आणि हमखास विचारतात, "तुमच्याकडे एवढे पक्षी येतात, तुम्ही त्यांना घालता तरी काय?" परवा तुम्हीही विचारलंत. "काही नाही," म्हटलं, तर तुम्हाला ते पटलं नाही.

पूर्वी घालत होते. रोज सकाळी ओंजळभर ज्वारी-बाजरी अंगणात टाकायची. महिन्याभरात जिकडेतिकडे पारवे झाले. पत्र्यावर, कठड्यावर, तुळशीवृंदावनावर. चिमण्यांना दाण्यापर्यंत पोचताच येईना. दाणे बंद केले, तसे पारवे आठवडाभर येऊन बसले आणि मग पांगले.

खरं तर माझ्या अंगणात येणाऱ्या बहुतेकांना दाणा लागतच नाही. दयाळ, शिंपी, नाचण यांना किडे हवेत. शिंजीर फुलांतला मध पितो, पण पिल्लांना भरवायला कोळी आणि किडेच नेतो. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांच्या चोचीत अळ्या देते. हे समजल्यापासून मी फवारणी थांबवली. लिंबाची आणि कढीपत्त्याची पानं अळ्या खातात, खाऊ देत. शिंपी रोज सकाळी पान न् पान तपासून जातो. पावसाळ्यात कढीपत्त्याची फळं काळी झाली की बुलबुल येतात. वाळका पाला मी झाडत नाही, कारण भारद्वाज त्यातच काहीतरी शोधत फिरतो.

आंब्यावर बांडगूळ आहे. ते काढा, असं सगळेच सांगतात आणि झाडाच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. तरी एका फांदीवरचं मी ठेवलंय. त्याची फळं खायला फुलटोच्या येतो, अंगठ्याएवढा जीव. बी इतकं चिकट असतं की त्याला ते फांदीवर घासून काढावं लागतं आणि तिथंच नवं बांडगूळ रुजतं. बांडगुळाच्या फुलांवर शिंजीर असतातच. एक फांदी देऊन एवढं बघायला मिळतं, मला हा सौदा मान्य आहे. शेवग्याची वाळलेली फांदीही तोडली नाही. दोन वर्षांपूर्वी तांबट पक्ष्यांच्या जोडीनं त्यात ढोली कोरली.

पाणी मात्र ठेवते. मातीचं पसरट परळ, पाणी दोन बोटं, मधे एक दगड. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत. मांजर दबा धरेल अशा झुडपापासून परळ लांब हवं, पण उडून बसायला जवळ एखादी फांदी हवी. रोज घासायचं, नाहीतर डास होतात आणि पक्ष्यांनाही रोग लागतात.

एक गोष्ट मात्र कोणी विचारत नाही, पण सांगायला हवी. मधुमालतीच्या वेलात बुलबुलानं घरटं केलं होतं. तीन अंडी, गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची. मी दिवसातून दोनदा पानं बाजूला करून बघायची, फोटो काढायची. समोरच्या तारेवर कावळा बसलेला असे. चौथ्या दिवशी घरटं रिकामं होतं. जागा त्याला मीच दाखवली, असं मला आजही वाटतं. बुलबुलाची जोडी संध्याकाळपर्यंत वेलाभोवती ओरडत होती. तेव्हापासून घरट्याच्या जवळ जात नाही. दुर्बीण स्वयंपाकघराच्या खिडकीत असते, तिथूनच बघते.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला उजनी धरणाकाठच्या भिगवणला मीही जाते. पण ५ ते १२ नोव्हेंबर, वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा पक्षी सप्ताह, मी घरीच राहते. गेल्या वर्षी त्या आठ दिवसांत अंगणातूनच २३ जाती लिहिल्या. करडा धोबी हिमालयाकडून येऊन आमच्या मोरीच्या पाण्याजवळ शेपटी हलवत होता.

तुम्ही पुण्यात चौथ्या मजल्यावर राहता, अंगण नाही म्हणालात. गॅलरीत सावलीला एक परळ ठेवा, एका कुंडीत जास्वंद, एकीत कढीपत्ता. पहिले पंधरा-वीस दिवस कदाचित कोणी फिरकणार नाही. तरी पाणी रोज बदला.