असू दे, लागेल

दसरा झाला की आमच्याकडे बॉक्सच्या पलंगाचं पोट उघडतं. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या, म्हणजे जीबी रोडच्या, या नव्या इमारतींत बिल्डर पोहण्याचा तलाव देतो, जिम देतो, झाडाखाली बसायला दगडी बाक देतो, फक्त माळा देत नाही. त्यामुळे जे पूर्वी डोक्यावर असायचं ते आता पाठीखाली असतं आणि आपण त्यावर गादी टाकून निवांत झोपतो. परवा दुपारी लेकीने गादी भिंतीला उभी केली, फळी उचलली आणि एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. चकलीचे साचे तीन निघाले. एक पितळी, आईकडून आलेला. एक ॲल्युमिनियमचा, गावदेवी मैदानातल्या कुठल्याशा प्रदर्शनात घेतलेला. तिसरा स्टीलचा, बंदुकीसारखा खटका दाबायचा. त्याच्याबरोबर वीस चकत्या आल्या होत्या, त्यातल्या अठरांचं काय करतात ते खोक्यावरही लिहिलेलं नाही.

"आई, आपण वर्षातून किती वेळा चकल्या करतो?"

"एकदा."

"मग?"

भाजणी दळून आणायची होती. मी ते निमित्त करून आत गेले.

लेक ऐरोलीला आयटीत आहे. तिथे पगाराबरोबर मिनिमलिझमही मिळतं. या दिवाळीत घरात एकही नवी वस्तू येणार नाही आणि आलीच तर तिच्या बदल्यात एक जुनी जाईल, असा तिने फतवा काढला. नवऱ्याने पेपरच्या आडून विचारलं, "माणसांनाही हा नियम लागू आहे का?" तिने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. मग मला त्या जपानी मारी कोंडोची पद्धत समजावून सांगितली. वस्तू हातात धरायची आणि स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे आनंद होतो का? नसेल होत तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा.

मी पितळी सोऱ्या हातात धरला. आनंद काही झाला नाही. मनगट दुखलं. दोन किलो भाजणीच्या चकल्या ज्याने पाडल्या असतील त्याला सोऱ्या धरून आनंद होणं शक्यच नाही. पण मग या हिशेबाने घरातली कढई, सूप, विळी आणि गॅसचं सिलिंडर, सगळ्यांनाच निरोप द्यावा लागेल. (तिसरं मूल झाल्यावर आवरण्याचा नाद आपण जरा सोडूनच दिलाय, असं त्या कोंडोबाईंनी २०२३ साली स्वतःच सांगितलं. मला त्या तेव्हापासून आवडायला लागल्या.)

खरं सांगायचं तर हा सोऱ्या आमचा नाहीच. त्याच्या बुडाशी मशीनने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. त्यातलं 'सौ.' स्पष्ट वाचता येतं, पुढची अक्षरं चिंच लावून लावून पुसट झाली आहेत, आणि शेवटी '५८' एवढे आकडे उरलेत. त्या सौ. म्हणजे आमच्या नौपाड्यातल्या चाळीतल्या कोपऱ्यावरच्या खोलीतल्या काकू. अख्ख्या चाळीत सोऱ्या एकच होता आणि तो त्यांचा होता. त्यामुळे कुणाच्या घरी कधी चकल्या व्हायच्या हे पंचांगापेक्षा काकूंवर अवलंबून असे. नळावर पाणी भरताना वार ठरायचे. वसुबारसेच्या आधी तळमजल्याचं उरकायचं, मग सोऱ्या जिना चढायचा. ज्यांचा नंबर धनत्रयोदशीला लागे त्यांच्या घरी धने-गुळाच्या नैवेद्याच्या शेजारी चकलीचा घाणा चालू असायचा. ज्यांचा नंबर शेवटचा, त्या बिचाऱ्या नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अकरा वाजता परात घेऊन बसलेल्या असत आणि आम्हा पोरांना पहाटे उटणं लावायला उठायचं असल्यामुळे आम्ही त्या वासातच झोपी जायचो.

सोऱ्या ने-आण करायचं काम पोरांचं. दोन्ही हातांनी पोटाशी धरून न्यायचा, कारण चकती सुटी असे आणि ती जिन्यावर पडली की गडगडत थेट गटारापर्यंत जायची. परत देताना नियम होता. घासून, पुसून, शेगडीजवळ जरा वाळवून, आणि आत चार चकल्या घालून द्यायचा. रिकामा द्यायचा नाही. काकू झाकण फिरवून आधी चकल्या काढून घेत, मग साचा डोळ्यांपुढे धरून आत कणीक राहिली नाही ना ते बघत. अशा रीतीने चाळीतल्या प्रत्येक घरची चकली त्यांनी खाल्लेली असे. कुणाची भाजणी जळली, कुणाचं मोहन जास्त होऊन चकली तेलात विरघळली, कुणी उडीद डाळीत हात आखडला, सगळं त्यांना ठाऊक. पण बोलत नसत. "छान झाल्यात हो," एवढंच म्हणत. आईचं म्हणणं होतं, त्या 'हो'ची लांबी मोजायची. आखूड असला तर चकली मऊ पडली असं समजायचं. आमच्या वाट्याला एकदा इतका लांब 'हो' आला होता की आईने तो संध्याकाळी बाबांना करून दाखवला.

पुढे चाळ पाडायला काढली. काकू मुलाकडे बदलापूरला गेल्या. सामानाच्या त्या गडबडीत सोऱ्या नेमका आमच्याकडे होता, तो राहिला. आई पुष्कळ वर्षं म्हणायची, एकदा जाऊन देऊन यायला हवा. आता दुसऱ्याची वस्तू मी आभार मानून टाकणार तरी कशी?

लेकीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुमची चाळ आधीच मिनिमलिस्ट होती." होती खरी, पण तिला काही तत्त्व वगैरे नव्हतं. पैसे नव्हते, जागा नव्हती, आणि मागायची लाज नव्हती. यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. आज आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि मी पैजेवर सांगते, चकलीचे साचे किमान सहा असतील. मला शेजारी मागायला जायचं झालं तर आधी मेसेज टाकावा लागतो. उत्तर येतं, "अहो, ऑनलाइन मिळतो ना, थांबा, लिंक पाठवते." बाई चांगली आहे, तिचा हेतूही चांगला आहे. पण ती लिंक आली की मागणारीचं तोंड बंद होतं आणि दुसऱ्या दिवशी दारात खोकं येऊन पडतं. घरात एवढ्या वस्तू का, याचं निम्मं उत्तर मला वाटतं इथे आहे. उसनं मागायला लागू नये म्हणून आपण विकत घेतो.

तसे आपले सण मुळात फार खर्चिक नसावेत. दसऱ्याला झाडाचा पाला देऊन आपण बिनदिक्कत 'सोनं घ्या' म्हणतो आणि समोरचाही तितक्याच गंभीरपणे घेतो. (दुसऱ्या दिवशी जांभळी नाक्याला तेच सोनं चिखलात पडलेलं असतं आणि आपट्याची झाडं ओकीबोकी, ते वेगळं.) लक्ष्मीपूजनाला तर आपण चक्क केरसुणी पूजतो. कचरा बाहेर काढायचं साधन हीच लक्ष्मी, असं म्हणणाऱ्या लोकांना आवरायचं कसं ते जपानने शिकवावं? पण केरसुणीही दरवर्षी नवीन आणतो आणि जुनी दाराआड उभी करून ठेवतो. असू दे, गच्ची झाडायला लागेल. गच्ची सोसायटीची आहे.

तर लेकीने ढीग केले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. टाकायच्या ढिगात तिने माझे गिफ्टचे कागद घातले. हे मी खपवून घेत नाही. भेटवस्तूचा कागद टराटरा फाडणारी माणसं मला आजही परकी वाटतात. सेलोटेपच्या कडेला नख घालायचं, हळूच उचलायची, कागदाचा रंग निघू द्यायचा नाही, घडी मोडली असेल तिथे हाताने सपाट करायचा आणि गादीखाली घालायचा. आमच्या घरी फडताळाचे खण याच कागदांनी अंथरलेले असत. बाबांच्या ऑफिसातून आलेला सोनेरी बुट्ट्यांचा कागद साखरेच्या डब्याखाली होता. डबा उचलला की तिथे गोल भाग झळझळीत राहिलेला आणि बाजूचा सगळा विटलेला दिसायचा. आता सगळ्या ट्रॉल्या स्टीलच्या, कागद अंथरायचा कुठे हे मला माहीत नाही. तरी ते मी उचलून ठेवायच्या ढिगात घातले.

द्यायच्या ढिगात ब्लाऊजपीस गेले. त्याला माझी हरकत नव्हती, कारण ब्लाऊजपीस शिवण्यासाठी नसतोच, तो पुढे सरकवण्यासाठी असतो. प्रत्येकाच्या घडीत मी चिठ्ठी ठेवते, कुणाकडून आला त्याची. म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो तिलाच परत जायला नको. एक मोरपंखी रंगाचा गेल्या वर्षी माझ्याकडे आला, त्यात चिठ्ठी होती. अक्षर माझंच.

दिवाळी अंकांवर मात्र आमचं एकमत झालं. १९०९ साली 'मासिक मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाच्या घरात कोपऱ्यात हा गठ्ठा आहे. माझ्याकडे गेल्या वर्षीचे अजून कोरे आहेत. बाबा विकत घेत नसत. वाचनालयातून आणत आणि ठरलेल्या मुदतीत परत करायचा म्हणून रात्री जागून, बसचं तिकीट खुणेला घालून, जाहिरातींसकट वाचून काढत. परत करायचा अंक वाचून होतो, विकतचा राहतो, कारण तो कुठे पळून जात नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे. सव्वाशेहून अधिक वर्षं ते आपली पुस्तकं सांभाळायला तयार आहे आणि आपण मात्र घरात कपाटं बनवून घेतोय. यंदा अंक वाचनालयातून आणायचे ठरले. एक सोडून. त्याच्यासोबत कॅलेंडर येतं.

संध्याकाळी पहिलं खोकं आलंच. नवऱ्याच्या कुणा ओळखीच्याकडून, सुक्या मेव्याचं. पारदर्शक झाकण, चार कप्पे, आणि काजूंच्या खाली पुठ्ठ्याचा असा उंचवटा की अर्धा पाव काजू पावशेर दिसावेत. लेक दारातच उभी राहून म्हणाली, "एक आलं. आता एक जायला हवं." मी तिला ॲल्युमिनियमचा सोऱ्या दिला. ती खूश झाली. बंदुकीचा तसाच आहे, त्याला अजून वॉरंटी आहे.

पितळी सोऱ्या मी चिंच लावून घासून ठेवलाय. उद्या भाजणी दळून येईल, परवा चकल्या.

आणि भाऊबीजेला भाऊ येणार आहे कल्याणहून. त्याला फोन करून बजावलंय की यंदा काही आणायचं नाही, घरात नियम आहे. तो "बरं" म्हणाला. त्याचं ते 'बरं' मी ओळखून आहे, म्हणून वहिनीला रंग सांगून ठेवलाय. मोरपंखीच, म्हणजे तो ब्लाऊजपीस तरी कामी येईल.