छतातून गळणारं खारं पाणी

मुलुंडला सहाव्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलचं छत सकाळपासून गळत होतं. वरच्या बाथरूमची लादी फोडायची, असं सोसायटीच्या प्लंबरने जवळजवळ ठरवूनच टाकलेलं. (मुंबईत आधी बाथरूम फुटतं, मग चौकशी होते.) वरचं कुटुंब आदल्या संध्याकाळी गावाला गेलं होतं. त्यांचा समुद्री फिशटँक मी सांभाळतो, म्हणून त्यांनी फोन करून मला पाठवलं.

"तुमचे मासे राहू द्या हो, आधी माझं छत बघा," काकू कावल्याच होत्या.

मी गळणारा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे पाण्याचा खारेपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीच्या, काचेवर घेतला आणि खिडकीकडे धरून डोळा लावला. निळा रंग संपून पांढरा सुरू होतो ती रेघ १.०१८ वर (हा पाण्याच्या घनतेचा आकडा, मीठ जास्त तितका तो मोठा). नळाच्या पाण्याची १.००० वर असते. बाथरूम वाचलं.

समुद्री टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून तूट भरायची ती गोड्या, आरओच्या पाण्याने. इथे कुणा दुकानदाराने आरओची नळी थेट सम्पमधल्या, म्हणजे फिशटँकखालच्या फिल्टरच्या टाकीतल्या, फ्लोट व्हॉल्व्हला जोडून दिली होती. पातळी उतरली की फ्लोट खाली, पाणी आत, कुणी बघायला नको. पण नळीच्या मागे अख्ख्या बिल्डिंगची गच्चीवरची टाकी! आणि फ्लोटवर टँकमधली शेवाळ खाणारी एक जाडजूड टर्बो गोगलगाय ठाण मांडून बसलेली. तिच्या वजनाने तो वर येईचना.

आरओमधलं पाणी गाळणारं ७५ गॅलनचं मेम्ब्रेन दिवसाला साधारण २८० लिटर देतं, म्हणजे तासाला जेमतेम बारा. धो धो काही नाही. रात्रभर गोडं पाणी आत येत राहिलं आणि तेवढंच खारं सम्पच्या काठावरून लादीच्या सांध्यांत जिरत राहिलं. टाकीत १.०२५ हवं, तिथे १.०१६ उरलं होतं.

क्लाउनफिश मजेत होते. सफेद ठिपक्यांच्या रोगावर त्यांना मुद्दाम १.००९ पर्यंतही उतरवतात. कोळंबी मात्र आडवी पडलेली, झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे, प्रवाळांचे भाऊबंद) घट्ट मिटलेले. गोगलगायही गेली.

खारेपणा एका दिवसात वर आणला असता तर उरलेलेही गेले असते. रोज ०.००१ च्या आसपास चढवत नेलं.

"मग किचनमधला आरओ लावू का?" मालकांनी विचारलं. नकोच. चवीसाठी त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये थोडं कच्चं पाणी परत मिसळतात.

आता कॅबिनेटशेजारी वीस लिटरचा ड्रम आहे. फ्लोट उघडाच राहिला तरी वीस लिटरच्या वर पाणी जाणार नाही, आणि तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी ठेवलीय. ड्रम आरओवर हाताने भरायचा, एका दमात. दर थोड्या वेळाने चालू-बंद होणाऱ्या मेम्ब्रेनमधून सुरुवातीचं पाणी जास्त टीडीएसचं, म्हणजे जास्त क्षार विरघळलेलं, येतं. ते मोरीत सोडायचं, मीटरचा आकडा खाली येऊन स्थिरावला की नळी ड्रममध्ये.