त्या कुठून बाहेर येतील?

ब्रिटिश गायक बॉय जॉर्ज रंगमंचावर उभा, तोही ली बाउरी होऊन, म्हणजे लंडनच्या क्लबांत अचाट वेषांनी गाजलेला तो कलावंत होऊन, आणि त्याच रंगमंचावर बॉय जॉर्जचं काम दुसराच मुलगा करतोय. स्वतःच्या आयुष्यावरची संगीतिका, गाणी स्वतःची, आणि आपला चेहरा मात्र युअन मॉर्टनला देऊन टाकलेला. २००३ मध्ये ब्रॉडवेवर ‘टॅबू’ असा उभा राहिला होता. घरी आल्यापासून हेच डोक्यात घोळतंय. झोपेचं नाव नाही. कानात तीच गाणी लावलीत, २००२ च्या लंडनच्या मूळ संचातली.

झालं एवढंच. प्रयोग संपला, विग उतरवला, पापण्या काढल्या, तोंडाला कोल्ड क्रीम फासून सगळं पुसलं आणि मागच्या दारानं निघाले. दाराशी एक मुलगी फुलं घेऊन उभी. चेहरा नुसता फुललेला. मला म्हणाली, ‘त्या कुठून बाहेर येतील?’

मी म्हटलं, ‘येतीलच इतक्यात.’ आणि चालू लागले.

दादाला फोन लावला, तर तो दुसऱ्याच गडबडीत. आई असती तर... असो.

फुलांचं काही नाही. खरंच नाही. त्या पोरीचाही दोष नाही. सव्वादोन तास जिच्यावर तिनं डोळे लावले होते, ती पाच फूट आठ इंच होती (टाचांसकट), ओठ लाल, मान ताठ. मी त्यातली कुठलीच नव्हते. पण मग टाळ्या कुणाला पडल्या? घसा कुणाचा बसलाय? रात्री कुणाची पाठ दुखतेय? त्या बाईची तर नाही ना! कष्ट माझे आणि ओळख तिची, हे काही गळी उतरत नाही. रडूही आलं थोडं. एवढ्यातेवढ्यावरून रडावं असं काय झालं होतं, हे कळावं म्हणून तर लिहितेय.

जॉर्जचं पुन्हा आठवतंय. सुरुवातीला तो लंडनच्या ब्लिट्झ क्लबात लोकांचे कोट सांभाळायचा. दारावर स्टीव्ह स्ट्रेंज उभा. पोशाख पसंत पडला तर आत, नाहीतर चालू पडा. मिक जॅगरलासुद्धा परत पाठवलं होतं म्हणतात. आणि तिथला हा कोट सांभाळणारा पोरगा १९८२ मध्ये कल्चर क्लब ह्या आपल्या बँडचं गाणं घेऊन इंग्लंडात पहिल्या नंबरावर. १९८६ मध्ये हेरॉइन, पोलीस, वर्तमानपत्रांचे मथळे. लोकांनी नाचवलंही त्या चेहऱ्याला आणि ठेचलंही त्यालाच. आत जॉर्ज ओ’डाउड नावाचा कुणी आहे, ह्याच्याशी दोन्ही वेळा कुणाला देणंघेणं नव्हतं.

बाउरीचं त्याच्या उलट. तो ऑस्ट्रेलियातल्या सनशाइन नावाच्या उपनगरातून १९८० मध्ये लंडनला आला. १९८५ मध्ये त्यानं लेस्टर स्क्वेअरला ‘टॅबू’ क्लब काढला, दर गुरुवारी रात्री. दारावरचा माणूस म्हणे येणाऱ्याच्या तोंडासमोर आरसा धरायचा आणि विचारायचा, तू असतास तर स्वतःला आत सोडलं असतंस का? कसला क्रूर प्रश्न! पण मला त्यात काहीतरी खरंही वाटतं. तिथे जन्मानं, नावानं, पैशानं आत जाता येत नव्हतं. दुपारभर बसून स्वतःला घडवलं असेल तरच. बाउरी टक्कल करून त्यावरून रंगाचे ओघळ सोडायचा, कपाळापासून गालापर्यंत, मेणबत्तीवरून मेण उतरावं तसे. ते करायला किती वेळ लागत असेल, किती उकडत असेल, पाणी कसं पीत असेल तो? ज्यानं कधी जड पोशाख घालून दिव्याखाली उभं राहून पाहिलंय, त्याला हेच प्रश्न आधी पडतात.

क्लब दुसऱ्याच वर्षी बंद पडला. पुढे संगीतिका आली तीही लेस्टर स्क्वेअरलाच, एका चर्चखालच्या तळघरातल्या थिएटरात. ब्रॉडवेवर मात्र शंभर प्रयोगांत पडदा पडला. निर्माती रोझी ओ’डॉनेलनं एक कोटी डॉलर घातले होते. लोक ह्याला अपयश म्हणतात, म्हणोत. ह्या गाण्यांत जी तगमग आहे, ती गल्ल्याच्या हिशोबात बसणारी नाही.

पण मला आज खरं छळतंय ते १९८८ चं प्रदर्शन. लंडनच्या अँथनी डॉफे गॅलरीत बाउरी स्वतःच प्रदर्शनातली वस्तू होऊन बसला होता. मध्ये एकतर्फी काच. बघणाऱ्यांना तो दिसायचा, त्याला फक्त स्वतःचं प्रतिबिंब. तो लोळायचा, वळायचा, स्वतःला न्याहाळायचा, आणि पलीकडे माणसं उभी. ती किती आहेत, कोण आहेत, हसतायत की थक्क झालीयत, त्याला काही दिसत नव्हतं.

हे लिहिताना एकदम मेकअप रूमचा आरसा आला डोळ्यांसमोर. मी त्यासमोर बसते तेव्हा आधी भुवया जातात. मग गालाची हाडं वर येतात. मग ओठांची कड, आणि तिथे कधीतरी ती बाई हजर होते. नेमक्या कुठल्या रेघेला, ते मला अजून पकडता आलेलं नाही. त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नसतं. म्हणजे ती येताना आणि मी जाताना बघणारी एकटी मीच की! ते फुलंवाल्या मुलीला कधी दिसायचं नाही. दादालाही नाही.

हे सुचलं आणि छातीवरचं ओझं जरा उतरलं. राग गेला असं नाही. पण आता मघासारखं हिरावून घेतल्यासारखं वाटत नाहीये. त्या मुलीनं जिच्यासाठी फुलं आणली, तिला मीच तर घडवलंय. आपण घडवलेल्या माणसावर कुणी जीव टाकला, तर त्यात आपलं काय गेलं?

आणि बाउरीला तरी उघड्या चेहऱ्यानं बसता येत नव्हतं असं कुठे आहे? तो चित्रकार ल्युसियन फ्रॉइडसमोर बसलाच ना, ना रंग, ना विग, अंगावर चिंधीही नाही. त्या चित्रांतलं ते अवाढव्य शरीर पाहा, दडून बसलेलं काहीच वाटत नाही. क्लबातल्या वेषांत होता तितकाच तो तिथेही आहे. १९९४ च्या शेवटच्या दिवशी गेला, एड्सनं, तेहतिसाव्या वर्षी. आजाराचा पत्ता बहुतेकांना लागू दिला नव्हता. काय दाखवायचं नि काय नाही, हे शेवटपर्यंत त्यानंच ठरवलं.

तेवढंच मलाही हवंय, ठरवणं माझ्याकडे. उद्या तालमीला दिग्दर्शकांना सांगणार आहे, शेवटचा प्रवेश मला बिनमेकअपचा करून बघायचाय. ते नाही म्हणतील, लय जाते म्हणतील, मागच्या रांगेला चेहरा दिसणार नाही म्हणतील. त्यांचं म्हणणं खोटंही नाही. तरी एकदा तालमीत करून दाखवते, मग काय ते ठरवू.