मतांसाठी दुसऱ्याचं लग्न

आज संध्याकाळी पार्क चौकात चहा घेताना गप्पा निवडणुकीवर आल्या. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, इथून सुरुवात झाली. तेवढ्यात एक जण म्हणाला, "आता पोरं पोरांशी लग्नं करायला लागतील, संस्कृती वाचवणाऱ्यालाच मत द्या!" सगळे हसले आणि पाण्याचा विषय तिथंच संपला. मला फार वाईट वाटलं. त्या टोळक्यात कुणी समलिंगी माणूस गप्प बसलेला असेल तर?

समलिंगी विवाहाचा विषय पुढाऱ्यांना सोयीचा आहे, कारण त्याला निधी लागत नाही. जलवाहिनीला वर्षं जातात, भीती घालायला एक सभा पुरते. अमेरिकेत नोव्हेंबर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं समलिंगी विवाहाच्या बाजूनं निकाल दिला. वर्षभरात, अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशी, ११ राज्यांत असे विवाह रोखणाऱ्या प्रस्तावांवर मतदान झालं. अकराही मंजूर! देशभर मान्यता मिळायला २०१५ उजाडलं.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं हा निर्णय संसदेवर सोडला. म्हणजे संख्येनं थोड्या असलेल्या माणसांचा हक्क आता मतं मोजणाऱ्यांच्या हातात. आयुष्यभर सोबत राहिलेल्या जोडीदाराला वारसाहक्क नाही, दोघांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही. यात कुणाची संस्कृती बुडते, हे मला खरंच कळत नाही.

प्रचाराला दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारणार आहे: संसदेत समलिंगी विवाहाला मान्यता देणारा कायदा आला, तर तुमचा पक्ष बाजूनं मत देईल का?