शुल्कवाढ, पावत्या आणि आमचे निवेदन

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला आणि पाठोपाठ आमच्या विनाअनुदानित महाविद्यालयाच्या सूचना फलकावर वाढीव शुल्काची सूचना लागली. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून माझे निम्मे शिक्षण शुल्क भागत असे; परंतु ती मदत मंजूर शिक्षण शुल्काच्या निम्मी आणि परीक्षा शुल्काच्या निम्मी असे, त्याखेरीज महाविद्यालय जे लावी ते घरच्यांनाच भरावे लागे.

प्रवेशद्वारापाशी घोषणा झाल्या, आणि त्या व्हायलाच हव्या होत्या. एरवी प्राचार्यांनी आम्हाला आत बोलावले नसते. आत 'वाढ मंजूर आहे' एवढेच उत्तर मिळाले.

२०१५ च्या अधिनियमानुसार राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचा खर्च तपासून शुल्क ठरवते आणि महाविद्यालयनिहाय शुल्क त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. ते काढून पाहिले, तेव्हा शिक्षण शुल्क व विकास शुल्क मिळून झालेली वाढ खरोखरच मंजूर असल्याचे दिसले आणि अनेकांचा धीर खचला. मग एका मैत्रिणीने सर्वांच्या पावत्या वसतिगृहाच्या खोलीत जमिनीवर मांडल्या. मुख्य पावतीबरोबर प्रत्येकाला एक लहान पावती दिलेली होती. तिच्यावर 'विविध उपक्रम' एवढेच शब्द, ना अनुक्रमांक, ना तपशील, आणि ती रक्कम मंजूर शुल्कात कोठेच बसत नव्हती.

यानंतरचे काम चिकाटीचे होते. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हाती असल्यामुळे पालक सह्या करू देईनात, आणि त्यांची भीती मला आजही रास्त वाटते. म्हणून कोणा एकाच्या नावावर न येता वर्गावर्गांतून सह्या घेतल्या, दोन्ही पावत्यांच्या प्रती व मंजूर शुल्काचा तक्ता जोडून निवेदन प्राचार्यांना दिले आणि आवक शिक्का मारलेली पोच हातात घेऊनच बाहेर पडलो. काही आठवडे काहीच हालचाल झाली नाही, तेव्हा तीच कागदपत्रे तक्रारीसोबत प्राधिकरणाकडे पाठवली.

सुनावणीची वेळ आलीच नाही. लहान पावतीची रक्कम पुढील हप्त्यात वळती करण्याचे महाविद्यालयाने लेखी मान्य केले आणि उरलेल्या शुल्कासाठी हप्ते पाडून दिले. मंजूर वाढ कायम राहिली. ती भरण्यासाठी माझ्या वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढले, आणि त्याचे व्याज कोणत्याही शिष्यवृत्तीत बसत नाही.