स्काउटिंग शीट, चौथी आवृत्ती: सात मोठे ठरले, बारा लहान ठरले

फर्स्ट टेक चॅलेंज या रोबोटिक्स स्पर्धेत इतर संघांचे रोबोट कसे खेळतात ते आमची मुले स्काउटिंग शीटवर टिपतात. तिची तिसरी आवृत्ती पक्की झाली असे मागच्या नोंदीत लिहिले होते. ते मागे घ्यावे लागत आहे. गेल्या सराव सामन्यांत आमच्या शीटने ज्या रोबोटला यादीच्या तळाशी ढकलले, तोच दुपारी विरुद्ध अलायन्समधून (दोन रोबोटांच्या जोडीतून) उतरला आणि दर फेरीला तीनच्या तीन आर्टिफॅक्ट, म्हणजे या खेळातले चेंडू, गोलमध्ये टाकत राहिला. नागपूरला परतल्यावर त्याच रात्री सकाळच्या शीट काढून बसलो आणि घोळ पहिल्याच पानावर सापडला.

टेलिऑपसाठी (सामन्याचा तो भाग ज्यात मुले रोबोट हाताने चालवतात) आम्ही क्लासिफाइड (गोलमधून रॅम्पवर जागा मिळालेले) आणि ओव्हरफ्लो (जागा न मिळालेले) असे दोन रकाने ठेवले होते, कारण डिकोड या खेळात गुण तसेच मिळतात: पहिल्याला ३, दुसऱ्याला १. पण रॅम्पवर ९ आर्टिफॅक्ट मावतात आणि तो भरल्यावर कोणी रॅम्प रिकामा करणारे गेट उघडले नाही, तर पुढचा प्रत्येक चेंडू कितीही अचूक मारलेला असला तरी ओव्हरफ्लोतच जमा होतो. त्या सामन्यात एका रोबोटने आधी ७ टाकले आणि त्याचे २१ गुण लागले. त्याच्या जोडीदाराने १२ टाकले, मात्र त्याच्या वाट्याला रॅम्पवर दोनच जागा उरल्या होत्या, म्हणून २ क्लासिफाइड आणि १० ओव्हरफ्लो मिळून १६ गुण झाले. बारा टाकणारा रोबोट सात टाकणाऱ्याच्या खाली गेला तो असा. गुण अलायन्सचे असतात आणि आम्ही ते एकेका रोबोटच्या नावावर मांडत होतो.

आता गुणांचे रकानेच काढून टाकले आहेत. रोबोटला एका वेळी ३ पेक्षा जास्त आर्टिफॅक्ट बाळगता येत नाहीत, म्हणून प्रत्येक सायकलला (चेंडू गोळा करून मारण्याच्या एका खेपेला) एक चौकट आणि तीत ० ते ३ पैकी एकच आकडा, म्हणजे गोलमध्ये किती गेले तेवढेच. रोबोटने गेट उघडले तर चौकटीच्या कोपऱ्यात टिंब. यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, मुलांची नजर मैदानावरून कमी वेळा हटते. पूर्वी प्रत्येक चेंडूला एक रेघ मारावी लागे आणि आमच्यातली एक मुलगी सारखी सांगत असे, "सर, रेघ मारेपर्यंत दुसरा गेलेला असतो." आता रोबोट चेंडू गोळा करायला वळला की तेवढ्यात आकडा लिहून होतो.

शनिवारी एका सामन्याचे चित्रीकरण लावून पडताळा घेतला. निळ्या अलायन्सच्या टेलिऑपच्या अधिकृत नोंदीत २१ क्लासिफाइड आणि ८ ओव्हरफ्लो, म्हणजे एकूण २९ होते. जुन्या शीटवर बेरीज २२ आली होती. नव्या शीटवर दोन रोबोटांचे १७ आणि ११, म्हणजे २८. ती बेरीज ऐकून मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मलाही फार बरे वाटले. हुकलेला एक चेंडू दोन्ही रोबोट एकाच क्षणी मारत होते तेव्हाचा होता.

बाकी बदल किरकोळ आहेत. बचावाला १ ते ५ गुण देण्याचा रकाना गेला, कारण सगळेच ३ लिहीत असत. पॅटर्नचे, म्हणजे रॅम्पवर रंगांचा ठरलेला क्रम जुळल्याचे, गुण एका रोबोटच्या नावे लावता येत नाहीत, म्हणून "रंग निवडून मारतो का?" एवढाच हो-नाही प्रश्न ठेवला. सामना संपताना रोबोट बेसमध्ये (परतायच्या चौकोनात) अर्धा की पूर्ण, ते तसेच राहील. टॅबलेटच्या बाजूने मी अजूनही नाही. स्पर्धेच्या जागी स्वतःचे वायफाय सुरू करता येत नाही, आणि सीताबर्डीहून आणलेला पुठ्ठ्याचा पॅड व शिसपेन्सिल कधी बंद पडत नाही.

हे लिहितानाच त्या हुकलेल्या चेंडूवर उपाय सुचतो आहे. एकाच अलायन्सच्या दोन्ही रोबोटवर लक्ष ठेवणारी मुले शेजारी बसवली आणि दोन्ही तक्ते एकाच कागदावर डावी-उजवीकडे छापले, तर शंकेचा चेंडू कोणाचा ते दोघांना तिथल्या तिथे ठरवता येईल. म्हणजे अर्ध्या पानाच्या शंभर प्रती काढायला दिल्या आहेत त्या थांबवायला हव्यात. झेरॉक्सवाले दहाला दुकान उघडतात, त्याआधी नवा तक्ता आखून ठेवतो.