सांता पॉडवरच्या जुन्या फनी कार : शटरची जुळवणी कुठवर आली

इंग्लंडमधल्या सांता पॉड या ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे सरळ पट्टीवरच्या छोट्या वेगवान शर्यतींच्या जागी जुलैमध्ये ड्रॅगस्टॅल्जिया हा जुन्या गाड्यांचा मेळा भरतो; त्याच्या फोटोंसाठीची कॅमेऱ्याची मापं बरीचशी बसली आहेत. ४०२ मीटरच्या पट्टीवर फनी कारचा (पुढे इंजिन आणि वर उचलता येणारी अखंड बॉडी असलेली ड्रॅग गाडी) सगळ्यात देखणा फोटो पहिल्या १८ मीटरांत मिळतो, याबद्दल आता शंका उरलेली नाही. टोकाला गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे असते, पण लांब लेन्समधून तिथे मुख्यतः तापलेल्या हवेची थरथर दिसते. दुपारी तर तिकडे शटर दाबूच नये.

पट्टी दुसऱ्या महायुद्धातल्या विमानतळावर आहे आणि १९६६ पासून इथे शर्यती होतात. जागा सपाट आणि उघडी असल्यामुळे मागे भगभगीत आकाश येतं. थोड्या उंचीवर उभं राहिलं की मागे काँक्रीट आणि प्रेक्षक येतात. गुडघ्यावर बसून काढलं तर कठड्यामागे टायर लपतात, आणि फनी कारच्या फोटोतून टायर गेले की उरतं काय?

बर्नआउट, म्हणजे शर्यतीआधी मागची चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवणं. इथे शटर १/६० ते १/१२५ सेकंद, गाडीबरोबर पॅनिंग, म्हणजे कॅमेरा गाडीच्या वेगाने वळवत फोटो. इतकं मंद शटर का लागतं ते आकड्यांत पाहा. मागचं स्लिक, म्हणजे नक्षी नसलेलं गुळगुळीत टायर, साधारण ८५ सेंटिमीटर व्यासाचं असतं. गाडी ताशी ६० किलोमीटरने चालताना ते सेकंदाला सुमारे सहा फेरे घेतं. १/१००० ला चाक जेमतेम दोन अंश फिरतं आणि गाडी उभी केल्यासारखी वाटते. १/१२५ ला ते अठरा अंश फिरतं आणि टायरवरची अक्षरं विरघळतात. बर्नआउटला तर चाक गाडीपेक्षा कितीतरी जोरात फिरतं, त्यामुळे १/१२५ सुद्धा पुरतं. ऊन कडक असेल तर एफ २२ वर जाऊ नका. विवर्तनामुळे कडा मऊ होतात आणि सेन्सरवरची धूळ उठून दिसते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच, लावा.

एक्सपोजर मॅन्युअलच हवं. पांढरा धूर फ्रेममध्ये पसरत जातो तसा ऑटो मीटर प्रकाश कमी करत राहतो आणि बॉडी काळवंडते. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा, नाहीतर धूर मध्ये येऊन फोकस त्यालाच धरतो. फोकस मागच्या बटणावर ठेवला की अशा वेळी अंगठा उचलून तो तिथेच थांबवता येतो.

बर्नआउटनंतर गाडी मागे येते तेव्हा बहुतेक जण कॅमेरा खाली करतात. फनी कारमध्ये चालक इंजिनाच्या मागे बसतो, त्याला पुढचं फारसं दिसत नाही. म्हणून एक सहकारी समोर उभा राहून हातांच्या खुणांनी त्याला स्वतःच्याच रबराच्या पट्ट्यांवर आणतो. हा क्षण सोडू नये. १३५ मिमी, १/२५०, फोकस त्या हातांवर.

सुटण्याचा क्षण. इथे उलट, १/८०० ते १/१०००. स्लिकच्या बाजूच्या भिंतीला पडणारी सुरकुती हवी असते आणि ती गाडी जेमतेम हलते तेवढ्यातच दिसते. कॅमेरा मागच्या चाकाच्या रेषेत किंवा जरा मागे. सुरुवातीच्या रेषेवर दिव्यांचा खांब असतो, त्याला ट्री किंवा झाड म्हणतात. गाडी रेषेजवळ आली की त्यावर आधी प्री-स्टेजचा दिवा लागतो, मग सुमारे १८ सेंटिमीटर पुढे सरकल्यावर स्टेजचा. प्रो ट्री या पद्धतीत तिन्ही पिवळे एकदम लागतात आणि ०.४ सेकंदाने हिरवा. चालक पिवळ्यावरच सुटतो, म्हणून बर्स्टही (सलग फोटोंची मालिका) पिवळ्यावरच सुरू करावा; हिरव्याची वाट पाहिली तर सुरकुती गेलेली असते. शटर मेकॅनिकल ठेवा. साध्या इलेक्ट्रॉनिक शटरने चाकं तिरकी होतात, आणि झाडावरचे दिवे एलईडी असतील तर ते पेटलेले असूनही फोटोत विझलेले येऊ शकतात. मोनोपॉड जमिनीचा थरकाप थेट कॅमेऱ्यात आणतो. कॅमेरा हातातच, कोपरं अंगाशी.

कानात प्लग आणि वर मफ, दोन्ही घाला. नायट्रोमिथेन या इंधनाच्या धुराने डोळ्यांत पाणी येऊन व्ह्यूफाइंडर दिसेनासा होतो, तेव्हा पिट्समध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात त्या जागी, सुरू इंजिनाच्या पाइपांसमोर उभं राहू नये. रबराचे कण उडतात, म्हणून लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर असावा.

पिट्स. बॉडीची बिजागरी मागे असते, ती पुढून उचलून टेकू लावतात. तेव्हा २४ ते ३५ मिमीने सुपरचार्जर, चौकटीचे पाइप आणि बॉडीची आतली बाजू एका फ्रेममध्ये बसते. मेटलफ्लेक, म्हणजे चमकीच्या रंगावर पोलरायझर (प्रतिबिंब कमी करणारा फिल्टर) अर्धाच फिरवा. पूर्ण फिरवला की आकाशाचं प्रतिबिंब जातं आणि वक्र बॉडी चपटी दिसते.

अजून जुळायचं आहे ते एक्झॉस्टच्या पाइपांतून निघणाऱ्या ज्वाळांचं. मिथेनॉल या इंधनाची ज्वाळा उन्हात जवळपास दिसत नाही. नायट्रोची, म्हणजे नायट्रोमिथेनची, दिसते, पण तीही खुलते ती संध्याकाळी. सध्याचं माप एफ ४, १/२५०, आयएसओ १६००, व्हाइट बॅलन्स ५२०० वर पक्का. यात बॉडी नीट येते, पण ज्वाळेच्या बुडाशी लाल चॅनल फुटतो, म्हणजे लाल रंग मर्यादेपलीकडे जातो, आणि तपशील जातो. एक स्टॉप कमी केला की ज्वाळा सावरते, मात्र बॉडी सावलीत जाते. पुढच्या वेळी १/५०० वर ज्वाळेचा आकार धरून बॉडी रॉ फाइलमधून वर काढून पाहायची आहे. जागा मात्र ठरली आहे: पुढून तिरकी, म्हणजे एका बाजूचे चारही पाइप एकामागे एक न लपता दिसतात.